आपांचं अर्थमंत्रालय

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या कॉलेजात मी रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी आपांनी मला स्टाफरूमच्या दारात गाठलं. पर्समधून एक रुपयाची कोरी नोट काढली, माझ्या नाकासमोर धरली आणि म्हणाल्या, "सांग बरं सर, याच्यावर सही कोनाची हाय?"

मी म्हणालो, "रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची."

"चुकलं!" त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या की बाहेरून चाललेला शिपाई थांबला. "बाकी समद्या नोटांवर गव्हर्नर. ह्या एकलीवर अर्थखात्याच्या सचिवाची सही राह्यते. ही बँकेची नोट नाई, बाप्पा. ही मंत्रालयाची हाय, त्याच्या पोटची लेक हाय!"

मी चुकलो याचा त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकर मला दिली. पुढं कळलं की गावात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाची, मग तो डॉक्टर असो, तहसीलदार असो की जावई, ही परीक्षा ठरलेली होती. बरोबर उत्तर देणारा कोणी भेटलाच तर आपा दिवसभर उदास असायच्या.

आपा आमच्याकडे अर्थशास्त्र शिकवायच्या. पन्नाशी उलटलेली, डोक्यावर पांढरी ओढणी, पायात मात्र खेळाडूंचे असतात तसले जाड तळव्यांचे बूट, आणि चालणं असं की जणू पुढच्या चौकात कुणीतरी त्यांची वाट बघत उभं आहे. त्यांचं घराणं कापडवाल्यांचं. वाशिम रोडवर त्यांच्या भावाचं दुकान, दुकानावर घर आणि घरावर एक सुटी खोली. मी इंझोरीचा, रोज ये-जा जमण्यासारखी नव्हती. ती खोली मला भाड्यानं मिळाली आणि आपा माझ्या सहकारी होत्या त्या घरमालकीणही झाल्या.

पहिल्याच सकाळी मला खालच्या हाकेनं जाग आली. "मिस्टर स्पीकर सर!" असा खणखणीत आवाज आला. मी दचकून उठलो. तेवढ्यात अंगणातून कोणीतरी ओरडलं, "आलो, आपा!" आणि सायकलची घंटी वाजली. तो दूधवाला होता. आपा चहाचं आधण ठेवताना जुन्या अर्थसंकल्पांची भाषणं मोठ्यानं वाचत. प्रत्येक भाषणाची सुरुवात सभापतींना उद्देशून, आणि दूधवाल्याची समजूत अशी की बाई आपल्यालाच हाक मारतात, तीही इंग्रजीत. त्याला कुणीही खरं सांगितलं नाही. तो त्या हाकेनं खूश होता आणि दूधही पातळ घालत नव्हता.

देशाचे अर्थमंत्री आपांना जवळच्या नातेवाइकांसारखे होते. पहिल्यापासून आजपर्यंतचे सगळे. पण नाव कधी कुणाचं घ्यायच्या नाहीत. "आमच्या घरात मोठ्या मान्साचं नाव घेत नाई," म्हणायच्या. त्यामुळं प्रत्येकाला एक खूण होती. एक 'मुंबईवाले', म्हणजे मुंबईच्या प्रश्नावर खुर्ची सोडून बाहेर पडलेले मराठी अर्थमंत्री. त्यांचा विषय निघाला की आपा उभ्या राहून बोलायच्या. एक 'वाढदिवसवाले', ज्यांचा वाढदिवस चार वर्षांतून एकदा येणाऱ्या फेब्रुवारीच्या त्या जादा तारखेला, आणि ज्यांनी त्याच दिवशी बजेटही मांडलं. "सांग, कोनाले फुरसत राह्यते वाढदिवसाच्या दिवशी कर लावाची?" एक 'बिनबजेटवाले'. ते जेमतेम महिनाभर मंत्री होते, बजेट मांडायची पाळीच आली नाही. आपांना त्यांची फार कणव. "बिच्चारा. लगीन झालं अन् वरातच नाई निंघाली." आणि एक 'हळू आवाजवाले', ज्यांनी देशाचं दार उघडलं. "येवढं मोठं दार उघडलं, पन कडीचा आवाज केला नाई त्या मान्सानं."

वर्गात त्या हे सांगायला लागल्या की शेजारच्या वर्गात मी कविता शिकवत असूनही माझी पोरं भिंतीकडं कान लावून बसत. एकदा बजेटाचे कागद छापता छापता फुटले होते, ती गोष्ट तर त्या खुनाच्या तपासासारखी रंगवायच्या. "राष्ट्रपती भवनातला छापखाना! तिथून फुटलं! आता कोनावर इश्वास ठेवाचा?" मग छापखाना हलवला गेला, पुढं तो थेट मंत्रालयाच्या तळघरात गेला, आणि छापणारी माणसं भाषण संपेपर्यंत आत कोंडून ठेवायची पद्धत पडली. "न फोन, न घरचा डबा, न बायकोचं तोंड!" पोरं माना पुढं काढून ऐकायची. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठायचं नाही.

कोंडून घालण्याआधी तिकडं मोठ्या कढईत हलवा करतात. म्हणून आपाही दरवर्षी बजेटाच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये कढई चढवायच्या. साजूक तुपातला शिरा, वर काजू. वास सुटला की सगळे प्राध्यापक आपोआप गोळा होत. आणि सगळे आत आले की आपा बाहेरून कडी घालून निघून जात! "आता कोनी बाहेर जाचं नाई. गुपित हाय." गुपित कसलं ते कोणालाच माहीत नव्हतं. एका वर्षी आत प्राचार्यही सापडले. त्यांनी खिडकीतून शिपायाला हाक मारली, तर शिपाई म्हणाला, "आपाचा हुकूम हाय साहेब, मंत्रालय बंद हाय." प्राचार्य आधी संतापले, मग शिऱ्याची दुसरी वाटी घेऊन बसले.

या सगळ्याची सुरुवात कुठून झाली, ते एकदा आपांनीच सांगितलं. त्या शाळेत असताना बजेट संध्याकाळी पाचला असायचं, इंग्रजांच्या वेळेपासूनची रीत. वडील दुकानात रेडिओ लावायचे. बातम्या इंग्रजीत, आणि बाजारातले सगळे कापडवाले रेडिओभोवती उभे. कुणालाच काही कळत नव्हतं. सातवी-आठवीतल्या या पोरीला शाळेतलं चार शब्दांचं इंग्रजी येत होतं. ती गाठोड्यावर चढली आणि सांगायला लागली. "किती खरं सांगतलं अन् किती खोटं, खुदा जाने," आपा हसत म्हणाल्या. "पन सर, येवढे मोठे मानसं माह्या तोंडाकडं पाहून राह्यले होते. त्या दिवसापासून मी त्या मंत्रालयात नौकरीले हाव."

आणि ती नोकरी त्यांनी खरोखर केली. बजेटाच्या दिवशी भावाच्या दुकानासमोर टीव्ही मांडायचा, जवळ माइक, दोन कर्णे, आणि दिल्लीत भाषण सुरू झालं की इकडं आपांचं वऱ्हाडीतून धावतं वर्णन. टीव्हीवर हिंदी भाषांतर यायचं, ते आपा लावू द्यायच्या नाहीत. "तो हिंदीवाला एक वाक्य मांगं राह्यते. मी बरोबर चालतो." खरंच बरोबर चालायच्या. मोटारसायकली थांबायच्या, भाजीवाल्या टोपल्या घेऊन पुढं सरकायच्या. कोणी ओरडायचं, "आपा, खताचं काय?" "थांब बे, भाषन आजून शेतीवर नाई आलं." "सोनं?" "तुह्या घरी कधी पाह्यलं का तू सोनं?" हशा व्हायचा. सरकारी आकड्यांवर एवढी माणसं एवढी खळखळून हसताना मी दुसरीकडं कुठं पाहिली नाहीत. ज्या वर्षी एक बाई पूर्णवेळ अर्थमंत्री म्हणून पहिल्यांदा नेहमीच्या चामडी पेटीऐवजी लाल कापडात बांधलेले कागद घेऊन आल्या, त्या वर्षी आपांच्या तोंडून मात्र पहिली काही वाक्यं निघालीच नाहीत. नुसत्या टीव्हीकडं बोट दाखवत उभ्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "पाहा वं पोरीहो. पेटी गेली. बस्ता आला. आपल्या दुकानातल्यासारखा."

आता ज्या वर्षाचं सांगायचं आहे, त्या वर्षी आपांचा आवाजच गेला.

आधी खरखर होती. मग एके दिवशी शिकवता शिकवता नुसता वारा बाहेर यायला लागला. अकोल्याला ऑपरेशन झालं. स्वरयंत्रावर गाठी होत्या, साध्याच निघाल्या. पण डॉक्टरांनी बजावलं, काही आठवडे एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. बोललात तर आवाज कायमचा जाईल. त्या आठवड्यांच्या ऐन मधोमध बजेटाचा दिवस येत होता. आणि ते आपांचं कॉलेजातलं शेवटचं वर्ष होतं.

त्यातच प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "सर, पुढच्या वर्षी शेवटच्या वर्गाला अर्थशास्त्र घेणारं कोणी दिसत नाही. आपा निवृत्त झाल्या की विषय बंद करावा लागेल." बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्रात तीन-चार मुली होत्या. त्यांच्यात पुढं होती प्रज्ञा, किन्हीराजा गावची. बाकीच्या तिच्याकडं बघून ठरवणार होत्या. आणि प्रज्ञाचे वडील कॉलेजातून तिचं नाव काढून तिला नर्सिंगला घालणार होते. ते एसटीत कंडक्टर होते, साधे आणि हिशेबी. त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. कॉलेजात येऊन त्यांनी आपांना तोंडावर विचारलं होतं, "आपा, नर्सिंग केलं तं पोरीले नौकरी भेटन. अर्थशास्त्र शिकून काय करन थे? माह्यासारखे तिकिटं फाडन?" तेव्हा आपांना आवाज होता, तरी त्यांनी नुसता त्यांच्यासाठी चहा मागवला.

बजेटाच्या आदल्या दिवशी आपांनी प्रज्ञाला दुकानात बोलावून घेतलं. मीही होतो. आपांनी माइक उचलला आणि तिच्या हातात ठेवला.

प्रज्ञा पांढरी पडली. "आपा, मी? मले नाई जमत. मी त घरातबी बोलत नाई."

आपांनी नुसतं तिच्याकडं पाहिलं. मग दोन्ही हात जोडले. वर्गात कुणालाही न जुमानणारी बाई एका विद्यार्थिनीपुढं हात जोडून उभी होती. प्रज्ञा रडायला लागली आणि रडतच "हो" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भाषण अकराला होतं, त्याआधीच रस्ता भरला. आपा बोलणार नाहीत हे गावाला माहीत होतं, तरी माणसं आली. काही आपांसाठी, काही नुसती गंमत बघायला. आपा टीव्हीच्या बाजूला खुर्चीत बसल्या. तोंडावर त्यांनी स्वतःच रुमाल बांधला होता. "मले भरोसा नाई माह्या तोंडाचा," असं त्यांनी पाटीवर लिहून मला दाखवलं.

दिल्लीत मंत्री उभ्या राहिल्या. मालेगावात प्रज्ञा उभी राहिली. पहिली काही वाक्यं कर्ण्यातून नुसता श्वास येत होता. मागून कोणीतरी ओरडलं, "आवाज!" आपांनी जमिनीवर बूट आपटला. आणि प्रज्ञा बोलायला लागली. आधी पुस्तकातलं मराठी, घाबरट. मग एका वाक्याला तिला शब्दच सापडेना, आणि घाईत तिच्या तोंडून घरचं निघालं, "म्हंजे पाहा, बाई म्हनून राह्यल्या का आमदनी आठ आन्याची अन् खर्च रुपयाचा, तं बाकीचं उसनं घ्या लागन!" लोक हसले. त्या हसण्यानं तिचा गळा मोकळा झाला. मग ती थांबेचना. खताचं आलं, तेलाचं आलं, एका म्हातारीनं विचारलं तर तिला तिच्या भाषेत उत्तर आलं. रुमालावरचे आपांचे डोळे असे चमकत होते की मी टीव्हीकडं बघायचं विसरलो.

तेवढ्यात वाशिमकडून अकोल्याला जाणारी बस आली आणि गर्दीत अडकली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. कोणी हललं नाही. दार उघडून कंडक्टर तावातावानं उतरला. "व्हा बाजूले! गाडीले टाइम हाय का नाई? कोन बोलून राह्यलं एवढं?" आणि मग तो आवाज त्याच्या कानावर नीट पडला. तिकिटांचं मशीन गळ्यात, शिट्टी हातात, तसे प्रज्ञाचे वडील रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. प्रवासी खिडक्यांतून डोकी काढून ऐकायला लागले, मग एकेक करून खाली उतरले.

प्रज्ञानं वडिलांना पाहिलं. आणि तिथंच ती चुकली. मंत्री 'लाख कोटी' म्हणाल्या, ती 'हजार कोटी' म्हणून गेली.

कोणाला कळलं नाही. मला कळलं, कारण माझी नजर आपांवर होती. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. रुमालाखाली तोंड उघडलेलं स्पष्ट दिसलं. तीस वर्षं ज्या बाईनं एक आकडा कुणाचा चुकू दिला नाही, तिच्या घशात तो शब्द येऊन उभा होता. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. पण त्या खाली बसल्या. दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या आणि डोळे मिटून घेतले.

प्रज्ञा दोन वाक्यं पुढं गेली, आणि अडखळली. टीव्हीवर पट्टी फिरत होती. तिनं ती वाचली. मग तिनं माइक तोंडाजवळ नेला.

"थांबा," ती म्हणाली. "माहं चुकलं. मंघा मी हजार कोटी म्हनलं, थे लाख कोटी हाय. आधीचं इसरा. हे खरं धरा."

भाजीच्या टोपल्यांमागून एक म्हातारा खणखणीत आवाजात म्हणाला, "अर्थमंत्री 'माहं चुकलं' म्हनते, हे जिंदगीत पह्यल्यांदा आयकलं भाऊ!"

जो हशा उठला, ज्या टाळ्या उठल्या, त्या दिल्लीतही वाजल्या नसतील. बसचे प्रवासी टाळ्या वाजवत होते, ड्रायव्हर स्टेअरिंगवर थापा मारत होता. कुणीतरी कंडक्टरलाच विचारलं, "कोनाची पोरगी होय हे?"

ते गर्दीतून वाट काढत दुकानापाशी आले. आपांसमोर उभे राहिले. रागावलेले आहेत की काय ते कळेना. म्हणाले, "आपा, गाडी लेट झाली माही. डेपोत साहेबाले कारण काय सांगू?"

आपा बोलू शकत नव्हत्या. उत्तर प्रज्ञानं दिलं, आणि माइक चालूच होता, त्यामुळं ते अख्ख्या वाशिम रोडनं ऐकलं. "सांगा बाबा, पोरीचं भाषन चालू होतं."

त्यांनी मान खाली घातली. मग हसू आवरेना तसे वळले आणि शिट्टी तोंडात घातली. पण वाजवेनात. शेवटी शिट्टी काढून ओरडले, "चाला बसा! बाकीचं मी गाडीत सांगतो. माह्या पोरीनं सांगतलं थेच सांगतो!"

नर्सिंगचा विषय परत निघाला नाही. प्रज्ञा शेवटच्या वर्षाला बसली, तिच्यामागं बाकीच्याही बसल्या. विषय राहिला. आपा निवृत्त झाल्या. त्यांचा आवाज परत आला, पण अर्धाच. जुन्या दारासारखा कुरकुरत येतो. प्रज्ञा आता अमरावतीला एम.ए. करते आणि बजेटाला गावी येते.

या वर्षीही मी तिथं होतो. दुकानासमोर गर्दी आणखी मोठी, माइक प्रज्ञाकडं, आणि पहिल्या रांगेत सगळ्यांसारख्या सतरंजीवर बसलेल्या आपा. भाषण ऐन रंगात असताना आपांनी हात वर केला आणि उठून उभ्या राहिल्या. त्या कुरकुरत्या आवाजात म्हणाल्या, "मले एक इचाराचं हाय."

प्रज्ञानं त्यांच्याकडं न बघता, टीव्हीवरची नजर न काढता हात आडवा केला. "खाली बसा आपा. भाषन चालू हाय."

आपा खाली बसल्या. मग माझ्या मांडीवर जोरात चापट मारली, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी तो तसा कधी पाहिला नव्हता. "आयकलं का सर?" त्या माझ्या कानात म्हणाल्या. "कशी बोलली मले!"